जमीन सुधारायची म्हणजे नेमकं काय करायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्याकडे माती सल्ल्यासाठी येणारे बहुतेक जण कृष्णा-वारणा काठचे. काळी भारी जमीन, ऊस हे मुख्य पीक, तासगाव-मिरजेकडचे थोडे द्राक्षबागायतदार. त्यामुळे उत्तरांमध्ये ऊस आणि क्षारपड (मीठ किंवा सोडियम साठून बिघडलेली) जमीन जास्त दिसेल. प्रश्न शेतकऱ्यांनी विचारले तसेच ठेवले आहेत.

जमीन बिघडली आहे हे ओळखायचं कसं? उतारा तर दरवर्षी थोडा थोडाच कमी होतोय.

उताऱ्याआधी जमीन सांगत असते. पाणी देऊन आठ-दहा दिवस झाले तरी वापसा (मशागतीजोगी ओल) येत नाही आणि आला की दोन दिवसांत निघून जातो. नांगरटीला कुदळीनं न फुटणारी ढेकळं निघतात. उसाची उगवण सलग न होता पट्ट्यापट्ट्यानं तुटते. लागण बरी येते पण खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून येणारं पुढचं पीक) बसतो. फेब्रुवारीनंतर वरंब्याच्या माथ्यावर पांढरं फुटायला लागतं. काही रानांत पांढरं नाही, तर पाणी आटल्यावर काळसर, तेलकट पापुद्रा दिसतो. तो जास्त काळजीचा, कारण सोडियममुळे मातीतलं सेंद्रिय द्रव्य विरघळून वर येतं तेव्हा तसा रंग येतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसली तर खताचा डोस वाढवण्याआधी थांबा. पहिल्या दोन-तीन वर्षांत डोस वाढवून घट झाकता येते, आणि त्या काळात दुखणं खाली मुरतं.

सरळ माती परीक्षण करून खतं सांगा ना. एवढ्या पायऱ्या कशाला?

कारण बिघाड एकावर एक चढलेले असतात आणि ते ठरावीक क्रमानंच उतरवावे लागतात. आधी पाणी: जास्तीचं पाणी रानाबाहेर जातंय का? मग मीठ आणि सोडियम. मग मातीची घडण आणि सेंद्रिय कर्ब. खत सगळ्यात शेवटी.

बहुतेकांची सुरुवात खतापासून होते, कारण खत दुकानात मिळतं आणि निचरा मिळत नाही. मुळाशी पाणी साचलेलं असेल तर मुळांना हवा मिळत नाही. मग नत्र, स्फुरद, जस्त काहीही टाका, मूळ ते उचलणारच नाही. सोडियमनं माती चिकट झाली असेल तर शेणखत वरच्या चार इंचांत पडून राहतं. आम्ही पायऱ्या मोजून घेतो ते एवढ्यासाठीच. ज्यांची पहिली पायरी ठीक आहे त्यांना आम्ही तिथे थांबवत नाही.

तुमचं काम कसं चालतं? पहिल्या दिवशी काय होतं?

पहिल्या दिवशी बोलणं आणि फिरणं. दहा वर्षांत कोणती पिकं घेतली, पाणी कुठून येतं, पाटानं देता की ठिबकनं, पाचट जाळता का, शेजारच्या रानाचं पाणी तुमच्यात उतरतं का, नांगरट किती खोल, शेवटचं शेणखत कधी पडलं, हे सगळं लिहून घेतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलवा म्हणून आग्रह धरतो. "इथं पूर्वी ओढा होता, सपाटीकरणात बुजवला" ही माहिती कोणत्याही अहवालात येत नाही, आणि पाणी नेमकं त्याच जागी साचत असतं.

मग शेताची फेरी. चांगला भाग, मधला आणि वाईट भाग कागदावर काढून घेतो. वाईट भागाइतकाच चांगला भागही आम्हाला हवा असतो, कारण तीच जमीन, तेच पाणी, तोच मालक असून तिथे काय वेगळं आहे हे कळलं की अर्धं निदान झालं.

त्यानंतर खड्डा, मातीचे आणि पाण्याचे नमुने, प्रयोगशाळेचा अहवाल, तो समोर बसून वाचणं, मग हंगामवार आराखडा. प्रत्येक हंगामानंतर तपासणी आणि गरज पडली तर बदल.

खड्डा कशासाठी? नमुना तर वरच्या मातीचाच घेतात.

खतासाठी वरची माती पुरते, निदानासाठी नाही. साधारण ३ फूट लांब-रुंद आणि ३ फूट खोल खड्डा घेतो, एक बाजू उभी आणि स्वच्छ कापलेली. उन्हाची बाजू असेल तर रंग नीट दिसतात.

वरचे ७-८ इंच नांगराखालचे, भुसभुशीत. त्याखाली खुरप्याचं टोक वरपासून टोचत खाली यायचं. एका ठिकाणी ते अडतं. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर नांगर आणि ओल्या रानात ट्रॉली फिरल्यानं तयार झालेला हा कठीण थर. तिथे उसाची मुळं बघा: खाली जायची सोडून आडवी वळलेली, चपटी झालेली. म्हणजे तीन फूट माती असून पीक आठ इंचांवर जगतंय.

आणखी खाली माती निळसर करडी असेल आणि त्यात गंजासारखे तांबूस ठिपके असतील तर तिथे वर्षातले बरेच महिने पाणी उभं असतं. हवा नसली की लोहाचं रूप बदलतं, त्याचे हे डाग. चुनखडीचे पांढरे खडे दिसले तर त्यावर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकतो. जोरात फसफसलं तर मुक्त चुना भरपूर. शेवटी खड्डा तसाच ठेवून चहाला जातो. परत येईपर्यंत तळाशी पाणी झिरपलेलं दिसलं, तर पुढच्या चर्चेचा विषय ठरलेला असतो.

मातीचा नमुना आम्हीच घेतला तर चालेल का?

चालेल, नीट घेतला तर. एकसारख्या भागातून नागमोडी चालत ८-१० ठिकाणं निवडायची. प्रत्येक जागी इंग्रजी व्ही आकाराचा २० सेंमी खोल खड्डा करून त्याच्या बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची माती काढायची. सगळी माती गोणपाटावर एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, आणि अर्धा किलो उरेपर्यंत हेच करत राहायचं. बांध, झाडाखालची जागा, उकिरडा, पाण्याची दांड, जनावरं बांधायची जागा टाळा. खत टाकल्यावर दोन-तीन महिने थांबा. सूक्ष्म अन्नद्रव्यं तपासायची असतील तर लोखंडी अवजार आणि गंजलेली बादली वापरू नका. आणि नमुना रिकाम्या खताच्या पिशवीत भरू नका. हे दरवेळी सांगावं लागतं.

मीठ तपासायचं असेल तर एका थराचा नमुना अपुरा. ०-२०, २०-४० आणि ४०-६० सेंमी असे वेगळे नमुने घ्या, आणि पुढच्या वर्षी त्याच महिन्यात घ्या. मे महिन्यात मीठ वर चढलेलं असतं, सप्टेंबरमध्ये पावसानं खाली गेलेलं असतं. मेचा आकडा सप्टेंबरशी ताडून "सुधारणा झाली" असं कोणी म्हणत असेल तर ती सुधारणा पावसाची आहे.

माझ्याकडे मृदा आरोग्य पत्रिका आहे. ती पुरेशी नाही का?

उपयोगाची आहे, जपून ठेवा. २०१५ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत १२ बाबी तपासतात: सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, मंगल (मँगनीज), तांबं आणि बोरॉन. पण दोन अडचणी आहेत. योजनेच्या आखणीनुसार बागायतीत २.५ हेक्टरच्या आणि जिरायतीत १० हेक्टरच्या चौकोनातून एक नमुना घेतात, म्हणजे पत्रिकेवरची माती तुमच्या वाईट पट्ट्यातली असेलच असं नाही. दुसरं, त्यात विनिमयक्षम (मातीच्या कणांना चिकटलेला) सोडियम नाही आणि मुक्त चुनाही नाही. आमच्या भागात तर निदान याच दोन आकड्यांवर उभं असतं. ते वेगळे मागून घ्यावे लागतात. कृषी विद्यापीठांच्या आणि काही कृषी विज्ञान केंद्रांच्या प्रयोगशाळांत करून मिळतात. नमुना देण्याआधी फोन करून विचारा.

घरच्या घरी काही तपासता येतं का?

येतं, आणि खर्च शून्य. बोराएवढं वाळलेलं ढेकूळ घ्या. काचेच्या पेल्यात पावसाचं किंवा बॅटरीत भरायचं शुद्ध (डिस्टिल्ड) पाणी घ्या, नळाचं किंवा बोअरचं नको. ढेकूळ अलगद सोडा आणि पेला हलवू नका.

ते तसंच राहिलं तर घडण चांगली. फुटून बारीक कण तळाशी बसले पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय द्रव्य कमी आहे. ढेकळाभोवती दुधासारखा गढूळपणा पसरायला लागला आणि दुसऱ्या दिवशीही पाणी निवळलं नाही, तर सोडियमचा संशय घ्या. चिकणमातीचे कण एकमेकांना सोडून तरंगत राहतात, म्हणून ते पाणी निवळत नाही. रानात हेच कण भोकं बुजवतात आणि पाणी मुरणं थांबतं. चांगल्या आणि वाईट भागातली ढेकळं शेजारी-शेजारी दोन पेल्यांत ठेवा. फरक पोराबाळांनाही दिसतो.

क्षारयुक्त आणि चोपण यात फरक काय? गावात दोन्हीला खारवटच म्हणतात.

उपाय वेगळे आहेत, म्हणून फरक महत्त्वाचा.

क्षारयुक्त जमिनीत विरघळणारं मीठ जास्त. संपृक्त अर्काची (पाण्यानं पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) क्षारता ४ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर, सामू ८.५ च्या आत, सोडियमचं शेकडा प्रमाण १५ च्या आत. ही माती बऱ्याचदा भुसभुशीत असते, वर पांढरं फुटतं. निचरा करून चांगल्या पाण्यानं मीठ धुऊन काढता येतं. इथे जिप्समची (कॅल्शियम सल्फेटची) गरज नाही.

चोपण जमिनीत मीठ कमी पण सोडियम मातीच्या कणांना चिकटलेला. क्षारता ४ च्या आत, सामू ८.५ च्या वर, सोडियम १५ टक्क्यांच्या वर. ओली असताना चिखल, वाळली की रुंद भेगा. नुसत्या पाण्यानं धुतली तर आणखी बिघडते. आधी सोडियम हुसकावून त्या जागी कॅल्शियम बसवावा लागतो.

तिसरी क्षारयुक्त-चोपण, म्हणजे दोन्ही. तिला घाईनं धुतलं की मीठ जातं, सोडियम उरतो आणि जमीन पक्की चोपण होते.

पुस्तकातली १५ टक्क्यांची रेघ आपल्या काळ्या मातीला मात्र जशीच्या तशी लावू नका. भारी चिकणमाती त्याच्या बरीच आधी पाणी मुरवणं कमी करते. विदर्भात पूर्णा नदीच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात ५ टक्क्यांपुढेच त्रास जाणवतो असं मृदा शास्त्रज्ञांनी मांडलं आहे. आमच्याकडे ८-१० टक्के दिसले की आम्ही हालचाल सुरू करतो.

क्षारतेचे दोन अहवाल आले, एकात ०.९ आणि एकात २.८. कोणता खरा?

दोन्ही खरे असू शकतात. पत्रिकेतला आकडा बहुधा १ भाग माती आणि २.५ भाग पाणी या द्रावणाचा असतो, दुसरा संपृक्त अर्काचा. पहिल्यात पाणी जास्त म्हणून आकडा लहान. पद्धत विचारल्याशिवाय दोन अहवाल शेजारी ठेवू नका.

उसासाठी हिशेब संपृक्त अर्कावर होतो. साधारण १.७ पर्यंत उसाला फरक पडत नाही, त्यापुढे दर एककाला जवळपास ६ टक्के उत्पादन घटतं. क्षारता ५ असेल तर सुमारे २० टक्के गेले. एकरी ५० टनाच्या रानात हे १० टन होतात. म्हणून मीठ वाढलेल्या रानात काही काळ पीक बदलायला सांगतो. गहू आणि कापूस बऱ्यापैकी सोसतात, शुगरबीटही. कांदा आणि घेवडा अजिबात नाही.

जिप्सम एकरी किती टाकू? दुकानदार दोन पोती म्हणतो.

दोन पोती जिप्सम भुईमुगाला कॅल्शियम-गंधक म्हणून ठीक. चोपण सुधारायला त्याचा हिशेब वेगळा.

उदाहरण घ्या. मातीची धन आयन विनिमय क्षमता (सोडियम, कॅल्शियमसारखे आयन धरून ठेवण्याची ताकद) १०० ग्रॅमला ५० मिलीइक्विव्हॅलंट आणि त्यातला सोडियम २० टक्के. तो १० टक्क्यांवर आणायचाय, म्हणजे ५ मिलीइक्विव्हॅलंट सोडियम काढायचा. वरच्या १५ सेंमी थरासाठी प्रत्येक एककाला हेक्टरी सुमारे १.९२ टन शुद्ध जिप्सम लागतं. पाच एककांचे ९.६ टन, एकरी ३.९ टन. गोणीतल्या जिप्समची शुद्धता ७८ टक्के असेल तर एकरी ५ टन. शंभर पोती!

हा आकडा ऐकून लोक गप्प होतात, म्हणून पुढचं लगेच सांगतो. सगळं एकदम टाकायचं नाही. आम्ही निम्मं पहिल्या वर्षी, बाकीचं तपासणी करून पुढे असं ठेवतो. टाकायचं उन्हाळ्याच्या शेवटी, वरच्या ४-६ इंचांत मिसळून. खोल नांगरून गाडायचं नाही. आणि जिप्सम फारसं विरघळत नाही, लिटरला अडीच ग्रॅमच्या आसपास. ४ टन विरघळायला एका एकरावर साधारण ४० सेंमी पाणी मुरावं लागतं. सोडियमची अदलाबदल चालू असताना हा आकडा थोडा खाली येतो, पण पाणी लागतंच. ते मुरून खालून बाहेर जायला वाट नसेल तर सुटलेला सोडियम तिथेच फिरत राहतो आणि पैसे मातीत जातात. निचरा नसताना जिप्सम विकणाऱ्याला आम्ही सरळ नाही म्हणतो. स्वतःलाही.

माझ्या जमिनीत चुनखडी भरपूर आहे. मग कॅल्शियम आहेच की?

आहे, पण कुलूपबंद. चुना अशा सामूला विरघळतच नाही. इथे जिप्समऐवजी गंधक भुकटीचा विचार करतो. जमिनीतले जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आम्ल चुना विरघळवतं आणि घरचाच कॅल्शियम मोकळा होतो. वजनाचा फरक मोठा: एक टन शुद्ध जिप्समचं काम तत्त्वतः १८६ किलो गंधक करतं. मात्र जिवाणूंना ओल, ऊब, हवा आणि काही आठवडे लागतात. पाणथळ रानात गंधक पडून राहतं. प्रेसमडसोबत (साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळासोबत) दिलं तर जिवाणूंना खाद्यही मिळतं.

निचऱ्यासाठी चर पुरेसा आहे की पाइपच हवा?

पाणी किती खोलीवर उभं आहे आणि ते सोडायला ओढा-नाला किती दूर, किती खोल, यावर सगळं. उथळ पाणी आणि उतार असेल तर बांधालगतचे उघडे चर साफ करून खोल करणं हाच पहिला आणि स्वस्त उपाय. अर्ध्या रानांत हे चर मुळात होते, नंतर बुजवले. भारी चिकणमातीत मोल नांगरानं दीड-दोन फुटांवर पोकळ नळी पाडता येते. ती काही वर्षांत बुजते, पुन्हा पाडावी लागते.

पाणी सतत वर असेल तर भूमिगत सच्छिद्र पाइप. साधारण ३ ते ४ फूट खोल, भोवती गाळणीचं कापड, ठरावीक अंतरावर समांतर ओळी आणि त्यांचं पाणी गोळा करणारा मुख्य पाइप. अंतर किती ठेवायचं हे मातीतून पाणी किती वेगानं सरकतं त्यावर ठरतं, शेजाऱ्यानं किती ठेवलं त्यावर नाही. सांगली-कोल्हापूरच्या पट्ट्यात, शिरोळ तालुक्यात विशेषतः, अशी कामं मोठ्या क्षेत्रावर झाली आहेत. कसबे डिग्रजच्या कृषी संशोधन केंद्राचा या विषयातला अनुभव दांडगा आहे, तिथे जाऊन बघून या.

खरी अडचण पाइपाची नसते, भाऊबंदकीची असते. एकट्याच्या दीड एकरात प्रणाली बसवली आणि वरच्या रानातून पाणी येतच राहिलं तर तुम्ही गावाचं पाणी उपसत बसाल. शिवाय तुमचं पाणी खालच्या रानातून ओढ्याला न्यायचं तर त्याची परवानगी हवी. म्हणून एका उताराचे शेतकरी मिळून आले तर आम्ही बैठक आधी घेतो, मोजणी नंतर.

पाणीही तपासायचं का? नदीचंच आहे.

नदीचं असेल तर एकदा पुरे. विहीर किंवा बोअर असेल तर उन्हाळ्यात नक्की. त्यात क्षारता, सोडियमचं गुणोत्तर आणि उरलेलं सोडियम कार्बोनेट बघा. शेवटचा आकडा १.२५ च्या आत सुरक्षित, २.५ च्या वर धोक्याचा. असं पाणी वर्षानुवर्षं दिलं तर चांगली काळी जमीन चोपण होते. वरून जिप्सम आणि खालून हे पाणी, हे गणित कधीच सुटत नाही. दोन स्रोत असतील तर उगवणीच्या काळात चांगलं पाणी आणि पीक वाढल्यावर मिसळलेलं, असं वाटून देतो.

सेंद्रिय कर्ब ०.४ आहे. सहा महिन्यांत १ टक्का करून देतो असं एक कंपनीवाला म्हणतो.

त्याच्याकडून लेखी घ्या.

हिशेब करून बघू. एका एकराच्या वरच्या १५ सेंमी मातीचं वजन साधारण ९०० टन. कर्ब ०.१ टक्क्यानं वाढवायचा म्हणजे ९०० किलो कर्ब मातीत टिकून राहायला हवा. ०.४ वरून १ वर न्यायचं तर ५,४०० किलो. पाच टन ओलसर शेणखतात पाणी आणि राख वजा जाता कर्ब जेमतेम टनभराच्या आत, आणि त्यातला बराचसा जिवाणू खाऊन हवेत सोडतात. आता १२ टक्के ह्युमिकची लिटरभर बाटली घ्या. त्यात कर्ब शंभर ग्रॅमसुद्धा नसतो. मुळांची वाढ व्हायला ह्युमिकचा थोडाफार उपयोग होत असेल, पण कर्बाचा आकडा त्यानं हलत नाही. पाचट, हिरवळीचं खत, शेणखत सगळं नेमानं केलं तरी आमच्या उष्ण हवेत आकडा वर्षांनी सरकतो, महिन्यांनी नाही. आकड्याआधी वापसा लवकर यायला लागतो, नांगराला डिझेल कमी लागतं. ते बघा.

पाचट जाळलं नाही तर उंदीर, हुमणी होते म्हणतात. खोडवाही पिवळा पडतो.

पिवळा पडतो हे खरं, कारण काडीकचरा कुजवताना जिवाणू मातीतलं नत्र उचलतात. म्हणून पाचट सरीत दाबताना टनाला साधारण ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू खत द्यायचं, आणि ओल ठेवायची. बुडखे मात्र उघडे ठेवा, जमिनीलगत छाटा; त्यावर पाचट राहिलं की फुटवे अडतात. हुमणीचा (मुळं खाणाऱ्या अळीचा) बंदोबस्त वळवाच्या पावसानंतर कडुनिंब-बाभळीवर जमणारे भुंगेरे रात्री गोळा करून होतो, काडी ओढून नाही. एकरी ३-४ टन पाचट जाळणं म्हणजे आधीच्या उत्तरातला कर्ब पेटवणं.

हिरवळीच्या खतात ताग की धैंचा?

क्षारपड किंवा पाणथळ रानात धैंचा, चांगल्या निचऱ्याच्या रानात ताग. एकरी २० किलोच्या आसपास बी, ४५-५० दिवसांनी फुलोऱ्याआधी गाडायचं. फुलावर आलं की खोड निबर होतं आणि कुजायला वेळ घेतं.

जीवामृत, वेस्ट डीकंपोजर वगैरे?

वापरा, विरोध नाही. पण जिवाणू सोडताय तर त्यांना खायला काडीकचरा आणि श्वास घ्यायला हवा द्या. उघड्या, तुडवलेल्या रानात ड्रम ओतून काही होत नाही.

रासायनिक खतं पूर्ण बंद करावीत का?

त्यानं क्षारपड सुधारणार नाही. खतांची निवड मात्र बदलते. चोपण रानात काही हप्ते युरियाऐवजी अमोनियम सल्फेट, खारवट रानात म्युरेटऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश, कारण तिथे क्लोराइडची भर नको. काळ्या जमिनीत पालाश बहुधा भरपूर असतं, अहवाल बघून कमी करता येतं. पैसे तिथे वाचवा आणि चरावर घाला.

उसात केवडा पडतोय. हिराकस टाकून दोन वर्षं झाली, फरक नाही.

केवडा म्हणजे पानं पिवळी-पांढरी पडणं, आणि हिराकस म्हणजे लोहाचं सल्फेट. चुनखडीच्या रानात मातीत टाकलेलं लोह लगेच बद्ध होतं. हिराकस शेणखतात मुरवून मुळाजवळ द्या, आणि पानांवर अर्धा टक्क्याची फवारणी करा. पण आधी केवडा कुठे आहे ते बघा. पाणी साचणाऱ्या पट्ट्यातच असेल तर लोहाची कमी नाही, मुळाला हवेची कमी आहे. तिथे चर हेच औषध.

धरणातला गाळ फुकट मिळतोय, टाकू का?

मुरमाड, बरड रानावर आनंदानं टाका. काळ्या भारी रानावर नको. चिकणमातीवर चिकणमाती टाकून निचरा आणखी बसतो. टाकण्याआधी गाळही एकदा तपासा.

सबसॉयलर मारल्यानं कठीण थर फुटतो ना?

फुटतो, रान खालपर्यंत वाळलेलं असेल तर. एप्रिल-मे मध्ये मारला तर थर तडकतो. ओलीत मारला तर फाळ नुसती चीर पाडून जातो आणि चिरेच्या कडा लिंपल्या जातात. थर नेमका किती खोल आहे हे खड्ड्यात मोजा आणि त्याच्या दोन-तीन इंच खालून मारा. नंतर ओल्या रानात भरलेली ट्रॉली घातली तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

आमची जमीन कोकणात आहे. हे सगळं लागू पडतं?

क्रम तोच, औषध उलटं. जांभ्याच्या तांबड्या मातीत सामू कमी, म्हणून तिथे जिप्सम नाही, चुना. खाडीकाठच्या खार जमिनीत किंवा गोव्यातल्या खाजनात बांध आणि दरवाजे आधी दुरुस्त हवेत. भरतीचं पाणी आत येत असेल तोवर माती तपासण्यात अर्थ नाही. त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे जा, त्यांचा अभ्यास आमच्यापेक्षा जवळचा आहे.

किती वर्षांत जमीन सुधारेल? गॅरंटी देता का?

गॅरंटी नाही. निचरा झाला आणि पाऊस बरा पडला तर नुसतं मीठ असलेल्या रानात एक-दोन पावसाळ्यांत उगवण सुधारलेली दिसते. चोपणाला तीन वर्षं तरी धरा, भारी मातीत जास्त. मधल्या काळात पाण्याच्या पाळ्या कमी केल्या नाहीत तर काम उलटं फिरतं. काही रानं अशीही असतात की खर्च परवडत नाही. तिथे आम्ही ऊस सोडून सोसणारं पीक किंवा चारा घ्या म्हणून सांगतो आणि पुढची फी घेत नाही.

जमीन खंडानं केलीय. एवढा खर्च करावा का?

खंड वर्षाचा असेल तर जिप्सम आणि पाइप यात हात घालू नका. पाचट, धैंचा आणि पाण्याच्या पाळ्या एवढंच करा, त्याचा फायदा त्याच हंगामात थोडाफार मिळतो. मालक पाच वर्षांचा लेखी करार करायला तयार असेल तर निचऱ्याचा खर्च त्याचा आणि भर-मशागतीचा तुमचा, अशी वाटणी आमच्या भागात चालते. पहिल्या भेटीला मालकालाही घेऊन या. खड्ड्यात झिरपलेलं पाणी त्यानं स्वतः बघितलं की खर्चाचं बोलणं सोपं जातं.